नाग्मो

नाग्मो जातीनं झोमो. बाप याक, आई गावठी गाय. पोटाखालचे लोंबते केस आणि झाडूसारखी झुबकेदार शेपटी बापाकडून आलेली. तोंडवळा आणि डोळे मात्र गाईचे. रंग काळा, म्हणून नाव नाग्मो. कपाळावर तळहाताएवढा पांढरा ठिपका. डावं शिंग टोकाशी मोडलेलं होतं, आणि त्या मोडक्या शिंगानं गोठ्याच्या दाराचा अडसर वर उचलायची खोड तिला लागली होती. झांस्करमधल्या ज्या घरात मी शिक्षक म्हणून राहत होतो, त्या घरातली दोन्ही मुलं जन्मली तेव्हा ती दावणीला होतीच.

झांस्कर-लडाखात झोमोला मान आहे आणि तो तिनं कमावलेला आहे. याक उंचीवरच्या थंडीला काटक, पण त्याची मादी दूध बेताचं देते. गावठी गाय त्या थंडीत आखडते. दोघांची लेक मात्र थंडी सोसते, माणसाळलेली असते, आणि गाईपेक्षा जास्त आणि दाट दूध देते. तिचा भाऊ झो नांगराला अव्वल, पण त्याला प्रजा होत नाही. झोमो गाभण राहते. पण तिचं वासरू आईच्या ताकदीचं निपजत नाही. म्हणजे झोमो ही एका पिढीचीच श्रीमंती. नाग्मोसारखी दुसरी हवी असेल तर पुन्हा याक आणि गाय यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

झांस्करमधल्या पदुमच्या आसपासची गावं साडेतीन हजार मीटरच्या वर आहेत. मी तिथं होतो तेव्हा पेन्सी-ला खिंडीत बर्फ साचलं की कारगिलचा रस्ता बंद व्हायचा, तो थेट उन्हाळ्यालाच खुला व्हायचा. मधे जानेवारी-फेब्रुवारीत झांस्कर नदी गोठायची आणि तिच्या पाठीवरून, चादरीवरून, माणसं लेहच्या बाजूला चालत जायची. जनावरांना ती वाट नव्हती. ऑक्टोबर सरताना गोठ्यात जी तोंडं असतील, त्यांना घरात असेल तेवढ्याच वैरणीवर वसंतापर्यंत काढायचं.

घर मातीच्या विटांचं, दोन मजली, वर सपाट माळवद. तळमजला जनावरांचा. थंडी वाढली की घरातली माणसंही वरच्या खोल्या सोडून खाली, गोठ्याला लागून असलेल्या बुटक्या खोलीत उतरायची. खिडकी हातभर. मधे चूल, तिच्यात शेणाच्या गोवऱ्या आणि विलोच्या काटक्या. भिंतीपलीकडे नाग्मो, एक गाय, तिचा खोंड आणि शेळ्यामेंढ्या. जनावरांच्या अंगची ऊब भिंतीतून आत झिरपायची. रात्री चूल विझल्यावर बाहेर पारा शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरलेला असायचा आणि आम्ही रवंथाचा आवाज ऐकत झोपायचो. गोठ्याचं दार आतून पक्कं लावून घ्यायचं, कारण लांडगा आणि हिमबिबट्या दोघांनाही हिवाळ्यात गावाची वाट माहीत असते.

माळवदावर वैरण रचलेली: जवाचा भुसा, लसूणघास, मटाराचे वाळलेले वेल, डोंगरउतारावरून कापून आणलेलं रानगवत. मी माण तालुक्यातला. आमच्याकडे 2012-13च्या दुष्काळात जनावरं छावणीवर नेऊन बांधली होती. कडब्याची पेंढी माणसाच्या जिवाला कशी लागून असते हे मला कुणी शिकवायला नको होतं. झांस्करात छावणी नाही आणि बाहेरून ट्रक येणार नाही. मेमे-ले, म्हणजे आजोबा, दर दोन-चार दिवसांनी माळवदावर जाऊन गंजीत कोपरापर्यंत हात घालायचे. वैरण दाबून बसली आहे की पोकळ झाली आहे, ते हाताला कळायचं. खाली येऊन ते त्या दिवशीचा वाटा सांगायचे आणि त्यावर घरात कुणी बोलायचं नाही.

बर्फ पडलं की आधी माळवद मोकळं करायचं. मातीचं छत, बर्फाचं ओझं राहिलं तर तुळया वाकणार आणि बर्फ वितळलं तर पाणी आत गळणार. अंधार असतानाच लाकडी फावड्यांचे आवाज गावभर सुरू व्हायचे. थोरली मुलगी आणि धाकटा नोनो दोघं फावडी ओढायला वर. हिवाळ्याची सुटी असल्यानं शाळा बंद. सुटीतलं त्यांचं काम ठरलेलं होतं. बर्फ खाली ढकलायचं, दारापासून नदीपर्यंत वाट फोडायची आणि दुपारी ऊन आलं की जनावरं पाण्यावर न्यायची.

पाण्यावर जाताना नाग्मो सगळ्यांत पुढे. बर्फात पाय टाकायच्या आधी ती थांबायची, खुरानं दाबून बघायची, मग अंगाचा भार टाकायची. मागची गाय, खोंड, मेंढ्या तिच्या पावलात पाऊल ठेवत यायच्या. नदीकाठी आमा-ले, म्हणजे मुलांची आई, पहारीनं बर्फ फोडून भोक मोकळं करायच्या. नाग्मो गुडघ्यावर टेकून पाणी प्यायची. तोंड वर काढलं की ओठांच्या केसांवर लगेच बर्फाचे मणी धरायचे. नोनो हातमोजे काढून दोन्ही हात तिच्या गळ्याखालच्या पोळीत खुपसायचा. तिथं तिची कातडी सैल आणि गरम होती. तो बोटांत जीव येईपर्यंत हात काढायचा नाही आणि ती तोवर हलायची नाही. एरवी कुणी गळ्याला हात लावला तर ती मान झटकायची.

परतल्यावर मुलं कापलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसून उतारावरून घसरायची. मग चुलीपाशी गुरगुर चहा: मीठ, लोणी आणि चहाचं पाणी लाकडी नळकांड्यात घुसळलेलं. लोणी नाग्मोचंच. उन्हाळ्यात बायका-मुलं जनावरांसोबत वरच्या कुरणावर, डोक्सावर, राहायला जातात. तिथं घुसळलेलं लोणी आणि वाळवलेलं चुरपे, म्हणजे चीज, हिवाळाभर पुरवायचं. त्या थंडीत चरबी पोटात नसेल तर माणूस तग धरत नाही. सातूच्या पिठाच्या गोळ्यात लोण्याचा खड्डा करून मुलं खायची, तेव्हा आबी-ले आजी म्हणायच्या, "हळू खा, उन्हाळा खाताय."

एकदा नाग्मो मार्चमध्येच व्यायली. दिवस पुरते भरले नव्हते आणि बाहेर अजून छातीभर बर्फ. वासरू ओलं, हाडकुळं, उभं राहायला तयार नाही. थोरलीनं आपला जुना गोंचा, म्हणजे लोकरी झगा, त्याच्याभोवती गुंडाळला आणि त्याला उचलून चुलीपाशी आणलं. आमा-ले बोटानं त्याच्या तोंडात चीक सोडत होत्या. भिंतीपलीकडे नाग्मो सारखी हंबरत होती. मोडक्या शिंगानं अडसर उचलायचा प्रयत्न करत होती. शेवटी मेमे-लेंनी दार उघडलं. ती खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली, मान आत घातली, वासराला चाटत राहिली. खोलीतली सगळी ऊब त्या दारातून जात होती आणि कुणीही दार लावा म्हटलं नाही.

वासरू दोन रात्री जगलं. त्यानंतर नाग्मो पान्हा सोडेना. आबी-ले तिच्या कुशीला डोकं टेकवून दूध काढतानाचं गाणं गुणगुणत बसल्या, कास चोळली, काही उपयोग नाही. दूध अडलं तर कास सुजणार, आणि घरातला धाकटा त्याच दुधावर. मग थोरली तो गोंचा घेऊन आली. न धुतलेला, वासराच्या लाळेनं कडक झालेला. तिनं तो अंगावर चढवला आणि नाग्मोच्या तोंडापुढे उभी राहिली. नाग्मोनं बाहीपाशी हुंगलं, मग छातीपाशी, मग जीभ काढून सावकाश चाटायला लागली. आबी-लेंनी हलकेच सड ओढला. पहिली धार भांड्याच्या तळाशी वाजली. पुढे बरेच दिवस, दूध काढायच्या वेळी थोरलीनं तो गोंचा घालून उभं राहायचं, हे ठरूनच गेलं. नाग्मो चाटायची तेव्हा मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण ती जागची हलायची नाही.

जनावर म्हातारं होतं. नाग्मोचे दात झिजले, भुशाची काडी तोंडातून तशीच खाली पडायला लागली. दोन उन्हाळे ती गाभण राहिली नाही. भाकड झाली. तिथल्या रिवाजाप्रमाणे असं जनावर हिवाळ्याच्या तोंडावर विकतात किंवा कापतात. त्यात निर्दयपणा नाही. एका म्हाताऱ्या जनावरानं खाल्लेली वैरण म्हणजे मार्चमध्ये दुसऱ्या कुणाची उपासमार. हा हिशेब घराघरात होतो आणि तो करणाऱ्यांनाही रात्री झोप लागत नसते.

त्या ऑक्टोबरात व्यापारी गावात आला. मेमे-ले माळवदावर गेले, गंजीत हात घालून आले आणि म्हणाले, "एक तोंड जास्त आहे." कुठलं, ते सांगावं लागलं नाही.

आमा-ले चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "थोरलीच्या वेळी माझ्या अंगावर दूध नव्हतं. ती हिच्यावर वाढली. खोंड विका."

खोंड पुढच्या वर्षी नांगराला येणार होता. मेमे-ले बराच वेळ माळ ओढत बसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्टर-ले, तुमच्याकडे काय करतात?" मी खरं ते सांगितलं, की आमच्याकडेही विकतात, आणि विकून आल्यावर त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. त्यांनी मान हलवली. खोंड गेला, सोबत दोन शेळ्या गेल्या. थोरली बर्फ पडेपर्यंत रोज पाठीला चेपो, ती विणलेली टोपली, बांधून उतारावर जायची आणि काटेरी, मेंढ्यांनी सोडलेलं गवतही कापून आणायची.

तो हिवाळा जड गेला. बर्फ भरपूर, वसंत लांबलेला. मार्चमध्ये मेमे-लेंनी सगळ्यांचा वाटा कमी केला; गाईचं दूध आटलं; चहात लोणी नावाला राहिलं. नाग्मोला भुसा चावत नसे, म्हणून आबी-ले छांग, म्हणजे सातूची दारू, गाळून उरलेला चोथा कोमट पाण्यात कालवून तिला द्यायच्या. नोनो तो हातावर घेऊन भरवायचा. तिची खरखरीत जीभ त्याच्या तळव्यावरून पुन्हा पुन्हा फिरायची, बोटांच्या बेचक्यातला दाणा न् दाणा टिपायची. पाण्यावर जाताना अजूनही ती पुढे चालायची. गाय तरुण होती, पण तिनं पुढं जायचा प्रयत्न एकदाही केला नाही.

एप्रिलमध्ये शेतांवर माती टाकायचा दिवस आला. शरदात घरात साठवून ठेवलेली कोरडी माती टोपल्यांनी नेऊन बर्फावर पसरतात. काळी माती ऊन धरते, खालचं बर्फ लवकर वितळतं, पेरणीला काही दिवस हाती लागतात. इतक्या आखूड उन्हाळ्यात जव पिकायला ते दिवस लागतातच. मुलं पांढऱ्या शेतात माती उधळत धावत होती आणि नाग्मो बांधावर उन्हात उभी होती. मेच्या अखेरीस पाटाकडेला गवत फुटलं. ते तिनं खाल्लं. कोवळं होतं, चावावं लागत नव्हतं. डोक्सावर जायची जनावरं निघायच्या आधीच, एका दुपारी, ती पाटाकडेला बसली आणि उठली नाही. आबी-लेंनी तिच्या कानाशी मंत्र म्हटला. घरात लोण्याचा दिवा लावला. संध्याकाळी गावकऱ्यांनी तिला नदीपलीकडच्या खडकांवर नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी गिधाडं उतरली.

झांस्कर आता बदलतं आहे. 2024च्या मार्चमध्ये निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला, त्याच वर्षी शिंकुन-ला बोगद्याचं काम सुरू झालं. आजारी माणसाला हिवाळ्यात बाहेर नेता येईल याचा मला मनापासून आनंद आहे. नांगराची जागा ट्रॅक्टर घेतो आहे, शेणाच्या गोवऱ्यांशेजारी गॅसचं सिलिंडर आलं आहे, मुलं शिकायला लेहला आणि जम्मूला जातात. दावणीची तोंडं कमी होत चालली आहेत. मला काळजी वाटते ती बर्फाची. वरचं बर्फ घटलं म्हणून कुमिक गावाला आपली जुनी शेतं सोडून नदीच्या बाजूला नव्यानं वसावं लागलं. जो हिवाळा जनावरांना उपाशी ठेवतो, त्याच हिवाळ्याच्या पाण्यावर पुढच्या वर्षीची वैरण उगवते.

त्या घरानं नाग्मोला ठेवलं तेव्हा त्याची किंमत सगळ्यांनी मोजली: खोंडानं, शेळ्यांनी, गाईच्या आटलेल्या दुधानं, मुलांच्या फिक्या चहानं. ती किंमत त्यांना आधीच माहीत होती, आणि तरीही ठेवलं, हे मला मोलाचं वाटतं. मार्चमध्ये भुकेलं जनावर समोर असताना कुणाचंही मन कळवळतं. माया खरी किती आहे ते ऑक्टोबरात ठरतं, माळवदावर वैरण मोजताना.