अनुमान आणि प्रत्यक्ष

फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनमधील संशोधकांनी गणकयंत्राकरवी वैद्यकीय ज्ञानभांडार धुंडाळले आणि संधिवातावरील ‘बॅरिसिटिनिब’ हे औषध कोविडवरही उपयोगी पडावे, असे अनुमान काढले. त्याच वर्षअखेर एडिंबरोच्या संशोधकांनी २,२४४ अत्यवस्थ कोविडरुग्णांची जनुके तपासली. हे औषध ज्या प्रथिनकुलास आवरते, त्याच कुलातील ‘टिक-२’चे जनुक तेथे आढळले, संधिवातासारख्या विकारांशीही त्याचे नाते आहे.

तथापि, अनुमान म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. ब्रिटनमधील ८,१५६ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये हाती आला : अठ्ठावीस दिवसांत औषध न मिळालेल्यांपैकी शेकडा १४, तर मिळालेल्यांपैकी शेकडा १२ दगावले.

यंत्राने वाट दाखविली. ती चालून पाहिली रुग्णशय्येवरील अनामिकांनी. ऋण त्यांचेच अधिक.