औषधाच्या दुकानात आपल्याला औषध कोण देते?



औषधाच्या दुकानात आपण दोन प्रश्न हमखास विचारतो: ‘किती झाले?’ आणि ‘जेवणाआधी की जेवणानंतर?’ तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही: ‘हे औषध मला देणारी व्यक्ती फार्मासिस्ट आहे का?’ आज त्या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. वय वाढते तसतशा रोजच्या गोळ्या वाढतात, आणि त्या प्रमाणात या प्रश्नाचे मोलही वाढते.

आपल्या बीड जिल्ह्यात त्याला आणखी एक कारण आहे. दिवाळीच्या सुमारास पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूर कासार या भागांतल्या अनेक वाड्या-तांडे ओस पडतात. मुले-सुना ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. घरी उरतात आजी-आजोबा आणि शाळकरी नातवंडे. पुढचे पाच-सहा महिने गोळ्यांचे रिकामे पाकीट हीच डॉक्टरांची चिठ्ठी होते. नातू ते पाकीट घेऊन दुकानात जातो आणि समोरचा माणूस जे देईल ते घेऊन येतो. तो समोरचा माणूस जाणकार असेल तर घर सुरक्षित राहते. नसेल तर सारे दैवावर.

यात अतिशयोक्ती नाही. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती कोणी ‘रोज एक’ म्हणून दिली, तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी घटतात आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके परस्पर घेत राहिलो, तर मूत्रपिंडावर घाला पडतो. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटे निघाली. नावे वेगळी, रंग वेगळे, घटक एकच: अ‍ॅम्लोडिपिन. दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेल्या त्या गोळ्या आजी इमानाने दोन्ही घेत होत्या. पायांना आलेली सूज आणि उठताना येणारी चक्कर यांचे मूळ तिथेच होते. दोन्हींपैकी एका ठिकाणी जरी कोणी ‘आजी, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ एवढेच विचारले असते, तर तो त्रास टळला असता.

हे विचारणे हेच फार्मासिस्टचे काम आहे. फार्मसी कायदा १९४८ सालचा. त्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. औषध नियमावलीतील नियम ६५ही तेच सांगतो: चिठ्ठीवरील औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. भारतीय फार्मसी परिषदेने २०१५ साली व्यवसायाचे विनियम केले आणि रुग्णाला समजावून सांगणे हेही फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले. औषध कसे घ्यावे, कसे साठवावे, कशाबरोबर घेऊ नये, हे सांगणे ही दुकानदाराची मेहेरबानी नव्हे, तो आपला हक्क आहे.

मग अडते कुठे? काही ठिकाणी परवान्यासाठी भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र टांगलेले असते आणि गल्ल्यावर दुसराच उभा असतो. पदविकाधारकाचे नाव महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर ‘भाड्याने’ घेतले जाते. हा प्रकार राज्यात नवा नाही, आणि त्याविरुद्धच्या कारवाईशी आपल्या जिल्ह्याचा जवळचा संबंध आहे. मे २०१२ मध्ये परळीत बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीची झडती सुरू केली. तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांच्या काळात फार्मासिस्टची हजेरी, चिठ्ठी आणि बिल या तिन्हींबाबत कडक तपासणी झाली. औषध विक्रेत्यांच्या संघटनेने बंदची हाक दिली. फार्मासिस्ट पुरेसे नाहीत, प्रशासन छळते, असे त्यांचे म्हणणे होते. वाद बराच गाजला. काळानुसार तपासणीचा जोर ओसरला, प्रश्न मात्र शिल्लक राहिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की बोगस फार्मासिस्टच्या हाती औषध वाटप सोडणे म्हणजे नागरिकांच्या आरोग्याशी खेळणे आहे, आणि त्यास आळा घालणे हे राज्य सरकारचे व फार्मसी परिषदेचे काम आहे.

विक्रेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरलेला असतो. त्यातून दुकानाचे भाडे, वीज, फ्रीज आणि पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार भागवायचा. दुसरीकडे ऑनलाइन कंपन्या भरघोस सवलती देतात. त्यांच्यासाठी नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये आला, पण त्याचे पक्के नियम झाले नाहीत. फार्मसी महाविद्यालये गल्लोगल्ली निघाली. नव्या महाविद्यालयांवर परिषदेने २०१९ मध्ये बंदी घातली, परंतु केवळ ठरावाने अशी बंदी घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. परिणाम असा, की पदविका हाती असलेला तरुण तुटपुंज्या पगारावर राबतो किंवा नाव भाड्याने देऊन दुसरेच काम करतो. १९४८ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय फार्मसी आयोग आणण्याचे विधेयक नोव्हेंबर २०२३ मध्ये मसुद्याच्या रूपात पुढे आले. कायदा नवा येवो वा जुना राहो, या तरुणाला मानाने उभे राहता येईल असे वेतन मिळाले नाही, तर भिंतीवरचे प्रमाणपत्र भिंतीवरच राहील.

आणखी एक चिंता बनावट औषधांची. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचे उघड होऊन पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी नागपूरमधील अशाच एका प्रकरणाच्या आरोपपत्रात, प्रतिजैविक म्हणून टाल्कम पावडर आणि स्टार्च भरल्याचे म्हटले होते. न्यूमोनिया झालेल्या सत्तरीच्या रुग्णाच्या पोटात औषधाऐवजी पावडर जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. अशी औषधे पकडायची तर खरेदीचा माग लागला पाहिजे, आणि तो माग बिलावरच्या बॅच क्रमांकापासून सुरू होतो.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू.

१. एकच दुकान धरा आणि तिथल्या फार्मासिस्टची ओळख करून घ्या. विनियमांनुसार त्यांनी पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लावायचा असतो. नम्रपणे विचारल्यास खरा फार्मासिस्ट रागावत नाही, उलट सुखावतो.

२. रिकाम्या पाकिटाबरोबर चिठ्ठीही पाठवा. परगावी जाणाऱ्या मुलांनी आई-वडिलांच्या सर्व गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी: औषधातील घटक, वेळ आणि कशासाठी. डॉक्टरांना सुवाच्य, शक्य तर घटकाच्या नावासह लिहायला सांगा. वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच तसे सांगितले आहे. घटकाचे नाव असले की जनऔषधी केंद्रातील स्वस्त गोळीही घेता येते.

३. ‘हे नाही, पण तेच आहे’ असे सांगितले तर थांबा. अनुसूची ‘एच’ आणि ‘एक्स’मधील औषध बदलून देण्याची परवानगी नियम ६५ देत नाही. डॉक्टरांना फोन करून विचारा, मगच घ्या.

४. बिल घ्याच. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत पाहा. खूप खपणाऱ्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड वा बारकोड बंधनकारक आहे. नातवाकडून तो तपासून घ्या.

५. अनुसूची ‘एच-१’मधील प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्या देताना दुकानदार नाव लिहून घेतो. मार्च २०१४ पासून तसा नियम आहे आणि ती नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. त्यात संशय घेऊ नका. तो दुकानदार नियम पाळतो आहे असे समजा.

६. औषधाने त्रास झाला तर डॉक्टरांना कळवा. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही नोंद करता येते. औषधाविषयी शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा क्रमांक आहे. तक्रार करताना पाकीट आणि बिल टाकून देऊ नका.

कायदे आहेत, परिषद आहे, प्रशासनही आहे. पण निरीक्षक रोज प्रत्येक दुकानात येऊ शकत नाही. आपण मात्र दर महिन्याला जातो. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल किंवा नातवाला पाठवाल, तेव्हा तो तिसरा प्रश्न विचारा. ज्या दुकानात त्याचे सरळ उत्तर मिळेल, तेच आपले दुकान समजा.