मुक्काम बामणोली

आमच्या सातारा-सांगलीकडच्या माणसाचा पाण्याशी संबंध विहिरीचा, पाटाचा आणि पुराचा. बंदर, धक्का, जहाज हे शब्द आम्ही वर्गात शिकवतो, पण पाहिलेले फारसे नसतात. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, तेवढीच होडीची मौज. एरवी होडी दारात आली की घर सोडायची वेळ आली, असेच आम्ही समजतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, ते कोण विसरेल? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बोटीने फिरून पाण्याकाठी रात्र काढायचा बेत सांगितला, तेव्हा अम्मी एवढेच म्हणाल्या, "पूर देखके जी नै भऱ्या क्या तुमारा?"

आम्ही चौघे शिक्षक महाबळेश्वरवरून तापोळ्याला उतरलो. कोयना धरण १९६४ साली पुरे झाले. त्याचा शिवसागर जलाशय इथपर्यंत पसरला आहे. पाणी साठवण्याची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. कोयना, सोळशी, कांदाटी या नद्या आता वेगळ्या ओळखू येत नाहीत, डोंगरांच्या मधून नुसते निळे पाणी दिसते. नावाड्याने निघतानाच बजावले, "गुरुजी, दिस मावळायच्या आत बामणोली गाठायची. अंधारात बोट चालवत नाय आपण."

बामणोलीला पोहोचल्यावर आम्ही धक्का शोधू लागलो. धक्का म्हणावे असे काही नव्हते. दिवाळीत पाणी पार वर असते, मे महिन्यापर्यंत ते खाली खाली जाते आणि त्याच्यामागे बोटी उतारावर सरकवत न्याव्या लागतात. मुक्कामाची जागा इथे पाणी ठरवते. नावाड्याने खुंट्याला दोर बांधला, थोडा सैल सोडला. त्याच्याच घरी आमची सोय होती. कोंबडे पुढे करून तो म्हणाला, "तुमच्या हातानंच कापा, म्हंजी मनात काय ऱ्हायला नको." अंगणात चूल पेटली. भाकरी खाताना आम्ही सहज विचारले, "काका, मूळ गाव हेच का?" त्याने हात पुसला आणि काळोखातल्या पाण्याकडे बोट केले. "तितं. वडिलांचं रान, घर, समदं तितंच हाय."

मग बराच वेळ कुणी बोलले नाही.

उर्दूत मुकाम म्हणजे थांबण्याची जागा, माणसाचे स्थानही. मराठीने तो शब्द घेतला आणि दोन अर्थांनी वापरला. प्रवासात एक रात्र थांबलो तरी मुक्काम, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलो तो पत्त्यातला ‘मु. पो.’ही मुक्कामच. नांगराचेही तसेच. शेत नांगरतो तो नांगर, आणि जहाज एका जागी धरून ठेवतो तोही नांगर. ज्यांचा शेतातला नांगर सुटला, त्यांतल्या काहींच्या हाती बोटीचा दोर आला. आमचा एका रात्रीचा मुक्काम ज्या काठावर झाला, तो काठ कुणाचा तरी कायमचा मुक्काम बुडाल्यावर तयार झाला होता.

कोयनेच्या खोऱ्यातली माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. धरणाला अर्धशतक उलटून गेल्यावरही, २०१८ साली, कोयनानगरला प्रकल्पग्रस्तांना ठिय्या देऊन बसावे लागले. त्यांच्या जमिनीवर साठलेले पाणी बोगद्यांतून पोफळीकडे उतरते आणि त्यावर वीज होते. उरलेले कऱ्हाडला कृष्णेला मिळून सांगलीला येते. आमच्या वर्गातला पंखा आणि घरातला माठ, दोन्ही त्या खोऱ्याचे देणे लागतात.

शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. याच जलाशयाकाठच्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत पलीकडे शाळेला जात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे ते राज्याला कळले. आम्ही त्या पाण्यावर मौजेसाठी पैसे मोजून बसलो होतो. त्या मुलींना तेच पाणी ओलांडल्याशिवाय धडा मिळत नव्हता. पाऊस पडला म्हणून गैरहजर राहणाऱ्या आमच्या पोरांना आम्ही हे सांगतो. रागावून नाही, शांतपणे सांगतो. ती ऐकतात.

आमच्या उर्दू शाळेत मराठीच्या तासाला पत्रलेखन असते. मुले कोपऱ्यात ‘मु. पो.’ लिहितात आणि पुढे जातात. आता आम्ही त्यांना तिथेच थांबवतो. तुमच्या दादा-दादींचा मुक्काम कुठला होता आणि तो का सुटला, हे घरी विचारून या, असे सांगतो. कुणी दुष्काळ सांगतो, कुणी गिरणी, कुणी पूर. एखादे मूल धरण सांगते. मग आम्ही फळ्यावर नदी काढतो आणि त्या गावाचे नाव पाण्याच्या रेषेच्या आत लिहितो.