लाकूड आणि चामडं

लाकूड पवित्र आणि चामडं विटाळाचं, असं मला घरात कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. पेडण्याच्या आमच्या जुन्या घरात आजोबा आंघोळ करून खडावा घालून विहिरीवरून देवघरापर्यंत येत. चामड्याच्या वहाणा पायरीखालीच राहत. त्या वहाणा शिवून आणणारा माणूसही अंगणाच्या कडेलाच थांबे. पुढे नोकरीसाठी मी मुरगावला आलो, जातपात मानत नाही असं चारचौघांत बोलू लागलो. ती पायरी मात्र मनात तशीच राहिली.

हे मला दिसलं ते भाच्यामुळे. तो तारवटी, जहाजावरचा खलाशी. एकदा येताना जपानहून गेता घेऊन आला. आमच्या मुरगाव बंदराला जपान परका नाही. डिचोलीच्या खाणींतलं लोहखनिज 1950च्या दशकापासून मांडवीतून बार्जेसमधून इथं यायचं आणि जहाजांत भरून जपानला जायचं. गेता म्हणजे लाकडाची फळी, खाली दोन आडवे दात, वर अंगठ्यात अडकणारा पट्टा. खडावेला पट्ट्याच्या जागी खुंटी, एवढाच काय तो फरक. त्या घालून तो भर पावसात वास्कोच्या मासळी बाजाराला निघाला, आणि मी त्याच्यावर ओरडलो, "अरे, पादुका आहेत त्या! मासळीच्या पाण्यात कसल्या घालतोस?"

"मामा, चिखलापासून पाय वर राहावेत म्हणूनच तर हे दात," तो म्हणाला आणि निघून गेला. मला उत्तर सुचलं नाही, पण राग गेला नाही.

तो राग गेला आरवलीला. तेरेखोल नदी ओलांडून पलीकडे, शिरोड्याजवळ वेतोबाचं देऊळ आहे. लहानपणापासून जातो मी तिथं. नवस फेडायला लोक वेतोबाला चामड्याच्या वहाणा वाहतात, माणसाच्या पायाला कधीच न होणाऱ्या, भल्यामोठ्या. देव रात्री गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. त्या दिवशी दर्शन झालं आणि मी त्या वहाणांपाशी रेंगाळलो. आज पंचधातूची असलेली मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, हे मला ठाऊक होतंच. म्हणजे लाकडाच्या देवाला चामडं चालत होतं. आमच्या देवघराला चालत नव्हतं. या वहाणांपुढे मी आयुष्यभर हात जोडले, आणि असल्याच वहाणा शिवणाऱ्या हातांना आमच्या ओट्यावर जागा नव्हती. आजोबांच्या काळाचं सोडा, मी कर्ता झाल्यावरही त्या माणसाला कधी "वर या, बसा" म्हटलं नाही. त्याचं नाव काय होतं? तिथं उभ्या उभ्या मी आठवून पाहिलं. आठवलं नाही. खडावांचा जो अभिमान मी बाळगत होतो, त्याच्या तळाशी ही तुच्छता होती. तिला मी संस्कार म्हणत आलो.

मग जपानविषयी वाचलं. गेता तिथं शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, दुकानदाराच्या, सगळ्यांच्या पायात असत; सोवळ्याशी त्यांचा संबंध नव्हता. पण चामडं कमावणाऱ्यांना तिथंही वेगळ्या वस्त्यांत ढकललेलं होतं. 1871च्या फर्मानानं त्यांना हीन ठरवणारी नावं रद्द केली, तरी लग्न जुळवताना होणारी चौकशी पुढेही चालूच राहिली. हे वाचून मला दिलासा मिळाला नाही, मिळायला नकोच होता.

पावसाळ्यात आता मीही गेता घालतो, गल्लीत आणि बाजारातही. एका पायाचा कापडी पट्टा तुटला, तेव्हा वास्कोत वहाणा शिवणाऱ्या कारागिराकडून तिथं चामड्याचा पट्टा बसवून घेतला. घट्ट बसला आहे. त्याचं नाव मी विचारून घेतलं.

आरवलीला गेलात, तर दर्शनानंतर त्या वहाणांपाशी थोडं थांबा. कुणी शिवल्या, ते विचारा.