जागा नसते

गेल्या पावसाळ्यात मी घन पदार्थांतून वीज कशी वाहते यावरचा एक लेख मराठीत आणत होते. ‘कंडक्टर’ला आपल्याकडे ‘वाहक’. एसटीत तिकीट देणाराही वाहकच. इथे चेन्नईत, तमिळमध्ये, वीज वाहणारा पदार्थ म्हणजे ‘कडत्ति’. तस्करी आणि अपहरण यांसाठीचा ‘कडत्तल’ त्याच धातूपासून आलेला. या शब्दांत मी रमले आणि चुकले भलतीकडेच.

हिरा वीज का वाहत नाही? मी लिहिलं, ‘कारण त्यात वाहायला इलेक्ट्रॉन नसतात.’ मूळ लेखात उलट होतं. एकट्या अणूत इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. असंख्य अणू जवळ आले की त्या पसरून पट्ट होतात, आणि पट्टांमध्ये दरी उरते. तांब्याचा वरचा पट्ट अर्धा रिकामा असतो, म्हणून बॅटरी जोडताच इलेक्ट्रॉन सरकतात. हिऱ्याचा पट्ट काठोकाठ भरलेला, आणि वरची दरी सुमारे 5.5 इलेक्ट्रॉन-व्होल्टची. सिलिकॉनची दरी 1.1, तिथे नुसत्या उष्णतेनंही थोडे इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतात. हिऱ्यात इलेक्ट्रॉन भरपूर असतात, त्यांना सरकायला जागा नसते.

हा पट्ट सिद्धांतही सगळीकडे पुरत नाही. लँथनम आणि तांब्याच्या एका ऑक्साइडात पट्ट अर्धाच भरलेला असायला हवा, तरी ते वीज अडवतं. तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके दूर लोटतात की प्रत्येक जण आपल्या जागी खिळतो. आमच्या तरमणीतल्या गणितविज्ञान संस्थेतले गणपती बास्करन 1987पासून अशा पदार्थांचा विचार करत आले आहेत.

आई तीन वर्षांपूर्वी वाईहून माझ्याकडे आली, आणि हळूहळू बोलेनाशी झाली. ‘ती आतून रिकामी होत चाललीय,’ असं मी डॉक्टरांना सांगितलंही होतं. माझा दिवस तमिळ आणि इंग्रजीत जायचा. घरी आले की मी तिला फक्त जेवण आणि गोळ्यांविषयी विचारायची.

त्या संध्याकाळी सहज विचारलं, “आई, वाहक म्हटलं की तुला काय आठवतं गं?”

“अगं, दादाचा डबा!” ती म्हणाली. दादामामा वाईला शिकायला होता. आजी पहाटे भाकरी बांधून डबा एसटीत द्यायची, आणि वाहक तो स्टँडवर त्याच्या हाती द्यायचा. एकदा नदीला पूर आला आणि गाडी अलीकडेच थांबली, तेव्हा वाहकानं परत येऊन डबा आजीला दिला होता. आई तासभर बोलत होती. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

रात्री मी मसुद्यातलं ‘इलेक्ट्रॉन नसतात’ खोडलं.