खळ्यातला दिवा

घरातल्या दिव्याला छप्पर असते, भिंतींचा आडोसा असतो आणि कोणाची ना कोणाची नजर त्याच्यावर असते. खळ्यात, म्हणजे कोकणातल्या घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, लावलेल्या दिव्याला मात्र ऊन, पाऊस, खारा वारा, मुंग्या आणि पाली यांच्याशी एकट्यालाच निभावून न्यावे लागते. अशा दिव्याची निगा राखणे म्हणजे काय, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात १९६०च्या आगेमागे जन्मलेल्या पिढीला विचारावे. कारण तुळशीपुढची पणती, रॉकेलचा कंदील, पिवळा बल्ब, ट्यूब आणि एलईडी असे पाचही दिवे या पिढीने एकाच उंबरठ्यावरून पाहिले आहेत.

तिच्या बालपणी कंदील हे रोजचे काम होते. दिवेलागणीपूर्वी काच उतरवून ती राखुंडीने घासायची, कोरड्या फडक्याने पुसायची, टाकीत रॉकेल किती उरले ते पाहायचे आणि वातीची जळकी कड कात्रीने सरळ कापायची. ती कड तिरपी राहिली तर ज्योत एका अंगाने भडके आणि घटकाभरात काच काळी पडे. हे काम बहुधा घरातल्या थोरल्या मुलीकडे असे आणि त्यात कुचराई झाली की रात्री साऱ्या घराला कळे. कंदिलाचा मोठा गुण हाच होता की त्याचा बिघाड लपत नसे: वात चढली तर काजळी दिसे, टाकी गळली तर वास येई, काच तडकली तर ज्योत वाऱ्याने थरथरे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली आणि पुढच्या दशकांत गावोगावी खांब उभे राहिले. ओटीवरच्या बल्बची एक वायर पडवीच्या वाशावरून बाहेर आली आणि खळ्याच्या तोंडाशी बॅकेलाइटच्या होल्डरमध्ये ६० वॅटचा बल्ब लागला. त्याला ना वात, ना रॉकेल. बटण दाबले की झाले. ही सोय खरोखर मोठी होती, विशेषतः रात्री-अपरात्री विहिरीवर किंवा गोठ्यात जाणाऱ्या बायकांसाठी, आणि तिचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. पण दिवा रोज हाताळायची गरज संपली आणि त्याबरोबर त्याच्याकडे रोज पाहण्याची सवयही गेली. बल्ब उडाला तरच होल्डरकडे लक्ष जाई, आणि तेव्हाही पुष्कळदा बटण बंद आहे एवढ्या भरवशावर स्टुलावर चढून हात घातला जाई. हा भरवसा नेहमीच खरा नसतो. घरातल्या जोडणीत वीज आणणारी एक तार असते, तिला फेज म्हणतात, आणि ती परत नेणारी दुसरी, तिला न्यूट्रल म्हणतात. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमधली पितळी पिन तशीच जिवंत राहते.

बिघाड दिसत नाही, हेच विजेच्या दिव्याचे खरे वेगळेपण आहे. एक मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, एवढा प्रवाह बोटांना जेमतेम जाणवतो. दहा-पंधराच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. ३०च्या पुढे तो काही काळ छातीतून वाहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. साध्या ६० वॅटच्या बल्बमधून सुमारे २६० मिलिअँपिअर वाहत असतात, आणि मीटरजवळचा ५ अँपिअरचा फ्यूज त्याच्या कितीतरी पलीकडे गेल्याशिवाय वितळत नाही. फ्यूज काय किंवा आजचा एमसीबी काय, तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या लेखी नगण्यच असतो.

पावसाळ्यात ठिकठिकाणी पुन्हापुन्हा घडणाऱ्या एका अपघाताचा क्रम यासाठी नीट समजून घ्यायला हवा. खळ्यातल्या दिव्याची वायर पडवीच्या पत्र्याच्या कडेवरून गेलेली असते. उन्हाने तिचे प्लास्टिकचे वेष्टन कडक होऊन तडकते, वाऱ्याने ती कडेवर घासत राहते आणि एके दिवशी आतले तांबे पत्र्याला टेकते. दिवा लागतच असतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. पत्र्याला लोखंडी खांब असतो, खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते, आणि सकाळी घरातली बाई ओल्या जमिनीवर अनवाणी उभी राहून त्या तारेवर पिळलेले लुगडे टाकते. तिला सोडवायला जो धावतो तोही चिकटतो. अशा वेळी आधी मेन स्विच पाडावा आणि ते जमण्यासारखे नसेल तर कोरड्या लाकडाने माणसाला दूर लोटावे, हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असले पाहिजे. आणि त्याहून आधी ती तार काढून तिच्या जागी नायलॉनची दोरी बांधली पाहिजे.

अर्थिंग, म्हणजे उपकरणाचे धातूचे अंग हिरव्या वायरीने जमिनीत पुरलेल्या पाइपाशी किंवा पत्र्याशी जोडणे, ही या बिघाडाला वाट काढून देण्याची युक्ती आहे. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल टिकावी म्हणून. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत वैशाखात तिथे पाणी न घातल्यास रोध वाढत जातो. तो १०० ओहम झाला तर २३० व्होल्टला जमिनीत जेमतेम २.३ अँपिअर जातात आणि ५ अँपिअरचा फ्यूज तसाच शाबूत राहतो, इकडे खांब मात्र जिवंत असतो. म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवाच. हे उपकरण फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सतत ताडून पाहते आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच सेकंदाच्या तीन-दशांश भागाच्या आत वीज तोडते. घराचा रंग किंवा फरशी थांबली तरी चालेल, हा खर्च थांबता कामा नये.

एलईडी आल्यावर एक नवा समज पसरला, की ९ वॅटचा दिवा आहे, त्याचा शॉक तो काय बसणार. पण शरीरातून किती प्रवाह जाईल हे दिव्याच्या वॅटवर अवलंबून नसते. ते वायरीतले व्होल्ट आणि ओल्या त्वचेचा रोध यांवर ठरते, आणि ते २३० व्होल्ट कंदिलानंतरच्या प्रत्येक दिव्याला सारखेच मिळत आले आहेत. नव्या दिव्यांच्या खोक्यावर आयपी ६५ असा जो आकडा असतो, त्यातला पहिला अंक धूळ आत जात नसल्याचे आणि दुसरा पाण्याची धार सोसत असल्याचे सांगतो. पण वायर जिथून आत जाते ते छिद्र उघडे ठेवले किंवा जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळला तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. वायर दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली थोडा झोळ दिला तर पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत आत न जाता झोळाच्या तळातून गळून पडते. एवढीशी गोष्ट, पण जाणता वायरमन ती कधी विसरत नाही.

या पिढीची मुले आता मुंबई-पुण्यात आहेत आणि गावचे घर पुष्कळदा वर्षभर मिटलेले असते. ते उघडते भाद्रपदात, गणपतीला, म्हणजे तीन महिन्यांचा पाऊस भिंतींत मुरलेला असताना. आणि चाकरमानी दार उघडताच मेन स्विच वर करतात, मंडपाच्या माळा त्याच जुन्या होल्डरमधून ओढतात. वर्षातला सर्वांत धोक्याचा क्षण तो हाच. ज्या घरी अजून कोणी जुने माणूस आहे तिथे ते आधी सगळ्यांना थांबवते. दिवसाउजेडी, मेन स्विच खाली असतानाच, खळ्यातल्या दिव्याची काच उतरवली जाते. आत पालीच्या अंड्यांची टरफले असतात, मुंग्यांनी आणलेली माती असते, पितळी पिनांवर हिरवा कळंक चढलेला असतो, कडेचे रबर वाळून चिरलेले असते. ते रबर बदलले जाते, वायर पत्र्याच्या कडेपासून सोडवून पाइपातून घेतली जाते, मग वीज सुरू करून आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबले जाते आणि तो खट् करून पडला तरच पुढे जायचे ठरते. वीज पुन्हा बंद होते, आणि पन्नास वर्षांपूर्वी ज्या हातांनी कंदील पुसला तेच हात आता थोडे थरथरत काच कोरड्या फडक्याने पुसून जागेवर बसवतात.