पाचशे खोटी नावे

खोटी नावे तयार करणे हा कादंबरीकारांचा धंदा. मराठीच्या प्राध्यापकाचा नव्हे. पण गेल्या मे महिन्यात तो प्रसंग माझ्यावर आला, आणि आणला माझ्या सख्ख्या भाच्याने.

भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. आमच्या कॉलेजचा नवा ऑनलाइन प्रवेश-अर्ज त्यांच्याकडेच तयार होत होता. शेवटच्या रात्री पाचशे मुले एकदम अर्ज भरू लागली, तर यंत्र तग धरील की मान टाकील, हे पाहण्याचे काम त्याच्याकडे. याला 'लोड टेस्टिंग' म्हणतात. त्यासाठी त्याच्याजवळ 'जेमीटर' नावाचे साधन आहे. ते एकटेच पाचशे विद्यार्थ्यांची सोंगे घेते आणि भराभर अर्ज भरते. सोंगांना नावे मात्र आपण पुरवायची.

"मग एकच नाव पाचशे वेळा दे की!" मी म्हणालो.

"मामा, तसे केले तर दुसऱ्याच अर्जाला 'हा मोबाइल क्रमांक आधी नोंदलेला आहे' असे म्हणून दारातूनच परत लावतील. आत काही कामच होणार नाही. यंत्र दमायला हवे असेल, तर माणसे निरनिराळी हवीत."

पद्धत सोपी होती. एक साधी फाइल. एका ओळीत एक विद्यार्थी. नाव, आडनाव, पत्ता यांच्यामध्ये स्वल्पविराम. पहिले सोंग पहिली ओळ उचलते, दुसरे दुसरी. ओळी संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायची की थांबायचे, हेही ठरवून द्यायचे. दोन्ही नको म्हटले, तर 'ईओएफ', म्हणजे 'फाइल संपली', याच नावाचा विद्यार्थी अर्ज भरू लागतो! असे विद्यार्थी माझ्या वर्गात पुष्कळ आहेत. पण तो विषय निराळा.

मी उत्साहाने मागच्या वर्षीची प्रवेशाची यादी पुढे केली. भाच्याने ती मिटून परत दिली. "खऱ्या मुलांची माहिती चाचणीला वापरायची नाही, मामा. चुकून रात्री दोन वाजता त्यांच्या फोनवर संदेश गेले तर?"

तेव्हा मी लिहायला बसलो. आयुष्यभर विरामचिन्हे शिकवली, पण पत्त्यातल्या एका स्वल्पविरामाने माझी फजिती केली. 'खोली ४, शनिवार पेठ' असे लिहिले, आणि एका मुलाची जन्मतारीख 'शनिवार पेठ' झाली! असा पत्ता अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो, हे ज्ञान मला भाच्याकडून मिळाले.

चार दिवसांनी त्याने यादी वाचली आणि हसून म्हणाला, "मामा, हे सगळे आपल्याच आळीतले दिसतात. जोशी, कुलकर्णी, देशपांडे."

तो सहज बोलला. मला मात्र एक मुलगी आठवली. मागच्या वर्षी ती जुना अर्ज भरायला माझ्याकडे आली होती. तिच्या आधारकार्डावर एकच नाव, आडनाव नाही. आडनावाशिवाय अर्ज पुढे सरकेना. बाहेर रांग लागली होती. "टिंब दे आणि हो पुढे," मी म्हणालो. ते टिंब तिच्या ओळखपत्रावर छापले गेले. बँकेतले नाव जुळेना, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. दुरुस्तीसाठी तिने किती खेपा घातल्या, ते मी विचारलेदेखील नाही.

मी यादी पुन्हा लिहिली. नाना जातीधर्मांची, लांबलचक, जोडाक्षरांनी भरलेली नावे घातली. आणि एका ओळीत आडनावाची जागा कोरी ठेवली.

चाचणीच्या रात्री भाच्याचा फोन आला. पाचशेचा भार यंत्राने हसत पेलला होता. फाइल शेवटपर्यंत वाचली गेली, आणि एकच ओळ परत आली.

"गर्दीचा दोष नाही, मामा. ही एकटी आली असती तरी परत गेली असती."

आडनावाची सक्ती दुसऱ्या दिवशी निघाली. जुलैत पहिल्या वर्षाची हजेरी घेताना आडनावाच्या रकान्यात दोन कोऱ्या जागा लागल्या. हातात पेन होते. मी टिंब दिले नाही.